डब्लिन, मोनाहन, ओमा, क्लॉडी: चार दिवसांची वाट

आयर्लंडला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक मोहरचे कडे, जायंट्स कॉजवे आणि बेलफास्टचं टायटॅनिक संग्रहालय पाहून परततात. हा प्रवास त्या वाटेवरचा नव्हता. उत्तर आयर्लंडनं ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडला जोडलं जावं, यावरच्या संघर्षात कार बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली चार ठिकाणं, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सगळी बसनं आणि पायी. दोन ठिकाणी स्फोटाआधी इशारा दिला गेला नाही. एका ठिकाणी दिला गेला, एका ठिकाणी द्यायचा होता पण वेळेत पोचला नाही, आणि दोन्हीकडे माणसं मेली, ती का, हे नकाशावर कळत नाही. त्या रस्त्यावरून चालावं लागतं.

निघण्यापूर्वी

डब्लिन आणि मोनाहन आयर्लंड प्रजासत्ताकात, ओमा आणि क्लॉडी उत्तर आयर्लंडमध्ये म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. एका बसप्रवासात देश बदलतो. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा ‘बीआयव्हीएस’ शिक्क्यासह मिळाला, तर त्याच व्हिसावर उत्तरेत जाता येतं. अट अशी की आधी आयर्लंडमध्ये उतरलं पाहिजे. शिक्का नसेल तर दोन वेगळे व्हिसा लागतात. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. सीमेवर चौकी नाही, पण परत दक्षिणेकडे येताना गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, कधी कधी बसमध्ये चढून कागद तपासतात. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नये. दक्षिणेत युरो, उत्तरेत पौंड. फोनचं सिम दोन्ही देशांत चालणारं घ्यावं, नाहीतर सीमेपलीकडे नकाशा बंद पडतो. प्लग मात्र दोन्हीकडे तोच, तीन चौकोनी पिनांचा.

दिवस पहिला: डब्लिन

१७ मे १९७४, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पार्नेल स्ट्रीट, टॅल्बट स्ट्रीट आणि साउथ लिन्स्टर स्ट्रीट या तीन रस्त्यांवर चार-पाच मिनिटांच्या आत तीन गाड्या फुटल्या. तिन्ही गाड्या त्याच सकाळी बेलफास्टमधून पळवलेल्या होत्या. इशारा नव्हता. १२ मार्च १९९३ ची मुंबई ज्यांना आठवते त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

तिन्ही ठिकाणं याच क्रमानं पाहावीत. पार्नेल स्ट्रीटपासून चालायला लागलं, टॅल्बट स्ट्रीटवर आलं, लिफी नदी ओलांडून ट्रिनिटी कॉलेजच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून साउथ लिन्स्टर स्ट्रीट गाठलं की अर्ध्या तासाची चाल होते. टॅल्बट स्ट्रीट सरळ कॉनोली रेल्वे स्टेशनकडे जातो. त्या दिवशी डब्लिनच्या बस संपावर होत्या. एरवी बसमध्ये बसली असती ती माणसं ऑफिस सुटल्यावर पायी स्टेशनकडे निघाली होती. संपानं स्फोट झाला नाही, पण फुटपाथवर किती माणसं असतील ते संपानं ठरवलं.

स्मारक टॅल्बट स्ट्रीटच्या स्टेशनकडच्या टोकाला आहे. उभा दगड, त्यावर नावं. बाजूनं ट्रॉली बॅगा ओढत माणसं गाडी पकडायला धावत असतात आणि स्मारकासाठी ही जागा योग्यच वाटते. मेलेली माणसंही अशीच घाईत होती. दरवर्षी १७ मे ला इथं पुष्पचक्र वाहिलं जातं. त्या तारखेला शहरात असाल तर कडेला उभं राहायला कुणाची आडकाठी नसते, पण कॅमेरा नातेवाइकांच्या चेहऱ्यांवर रोखू नये.

दिवस दुसरा: मोनाहन, मग सीमा

डब्लिनच्या मध्यवर्ती बसस्थानकातून मोनाहनला पोचायला साधारण दोन तास लागतात. खिडकीबाहेर हिरव्या टेकड्या, लहान, गोलसर, एकीला लागून दुसरी. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या मातीच्या या टेकड्यांना इथं ‘ड्रमलिन’ म्हणतात. पाऊस सुरू झाला की थांबत नाही, पण जोरही धरत नाही. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट उपयोगी, कारण वारा छत्री उलटी करतो.

डब्लिनच्या स्फोटांनंतर दीड तासानं, सातला दोन-चार मिनिटं कमी असताना, मोनाहनच्या नॉर्थ रोडवर चौथी गाडी फुटली. इथं सात जण गेले, डब्लिनमध्ये २६. शिवाय एक पूर्ण दिवसांचं, न जन्मलेलं बाळ. एकूण ३४. उत्तर आयर्लंडच्या संपूर्ण संघर्षात एका दिवसात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच दिवशी गेली नाहीत. चौथा बॉम्ब का, याचं सर्वाधिक पटणारं उत्तर नकाशात आहे: मोनाहन सीमेला चिकटून आहे. इथं स्फोट झाला की सीमेवरचे पोलीस शहराकडे धावणार आणि डब्लिनहून परतणाऱ्यांना वाट मोकळी होणार. अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स या, ब्रिटनच्या बाजूच्या सशस्त्र गटानं जबाबदारी मान्य केली ती १९९३ मध्ये, १९ वर्षांनी. या स्फोटांच्या चौकशीचा न्यायमूर्ती बॅरन यांचा अहवाल २००३ मध्ये आला. खटला आजवर कुणावरही चाललेला नाही.

इथलं स्मारक २००४ चं, तिसाव्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज यांनी अनावरण केलेलं. वालुकाश्म आणि धातूचा स्तंभ, त्यात उजेडाच्या सात खोबणी, प्रत्येकीत एक नाव. अंधार पडू लागल्यावर ते पाहावं. दुपारी पाहून निघून जाणाऱ्याला नुसताच खांब दिसतो.

मोनाहन ते ओमा बसनं तासाभराचं अंतर. सीमा कधी ओलांडली ते लक्ष देऊनच कळतं: रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत जातात. आपण ज्याला सीमा म्हणतो, तारा, चौकी, दिवे, तसलं इथं काहीच नाही. १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ या शांतता करारानंतर सैन्याचे मनोरे उतरवले गेले. तो करार १० एप्रिलचा. ओमाचा बॉम्ब त्यानंतर चार महिने पाच दिवसांनी फुटला.

ड्रायव्हरला गावाचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचून दाखवू नये. शेवटची दोन अक्षरं मुकी आहेत: ‘ओमा’.

रात्रीच्या जेवणासाठी ‘चॅम्प’ मागावं: लोणी आणि कांद्याच्या पातीसह घोटलेला बटाटा. पोटभर होतो आणि शाकाहारी असतो, मात्र वर ओतायची ग्रेव्ही मांसाची असते, ती नको म्हणून आधीच सांगावं. चहा आपल्याइतकाच कडक, फक्त दूध वेगळं येतं.

दिवस तिसरा: ओमा

सकाळी न्याहरीत ‘अल्स्टर फ्राय’ येतो. मांस न खाणाऱ्यांनी अंडी, मशरूम, टोमॅटो, सोडा ब्रेड आणि बटाट्याची पोळीसारखी भाकरी एवढंच मागावं, आणि ते वेगळ्या तव्यावर, तेलात करा असंही सांगावं. नाहीतर ब्रेड बेकनच्या चरबीत तळला जातो. गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी न कुरकुरता दुसरा तवा चढवला. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक वस्तू ‘वी’ म्हणजे इटुकली असते: वी चहा, वी पाऊस, वी चालणं. ‘स्मारक कुठे’ विचारल्यावर त्या दोन क्षण थांबल्या आणि मग दारापर्यंत येऊन हातानं रस्ता दाखवला. गावात सगळीकडे हाच अनुभव. विषय कुणी आपणहून काढत नाही, वाट मात्र प्रत्येक जण दाखवतो.

आधी स्मारकाकडे जाऊ नये. चढ चढून कोर्टापाशी जावं. हाय स्ट्रीटच्या माथ्यावर, खांबांच्या दर्शनी भागाची ही जुनी इमारत गावात कुठूनही दिसते. तिच्या पायऱ्यांकडे पाठ करून उभं राहिलं की समोर उतरता रस्ता दिसतो. त्याला वर हाय स्ट्रीट म्हणतात, खाली मार्केट स्ट्रीट. कुठेही न वळता एक नाव संपतं आणि दुसरं सुरू होतं. बाजाराचा हा एकच सलग रस्ता. ‘मेन स्ट्रीट’ नावाचा रस्ता ओमाच्या बाजारात नाही.

१५ ऑगस्ट १९९८ ला शनिवार होता. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली, शाळेचे गणवेश घ्यायला आया मुलांना घेऊन आलेल्या, आणि गावाच्या कार्निव्हल आठवड्याचा शेवटचा दिवस. दुपारी २ वाजून १९ मिनिटांच्या सुमारास किरमिजी रंगाची व्हॉक्सहॉल कॅव्हेलियर मार्केट स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, डब्लिन रोडच्या चौकाजवळ, एका कपड्यांच्या दुकानासमोर लावली गेली. ती दोन दिवस आधी सीमेपलीकडच्या कॅरिकमॅक्रॉसमधून चोरलेली आणि उत्तरेच्या खोट्या नंबरप्लेटची होती. आत सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक स्फोटकं. ती गाडी कोर्टाजवळ लावायची होती आणि तिथं जागाच मिळाली नाही, असं नंतर सांगितलं गेलं. सणाच्या शनिवारी कुठल्याही बाजारपेठेत गाडी लावून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मग फोन. अडीचच्या सुमारास, काही मिनिटांच्या आत तीन फोन झाले, सगळे दूरच्या सार्वजनिक फोनवरून. दोन बेलफास्टच्या यूटीव्ही वाहिनीला. पहिल्यात कोर्ट, ओमा, मेन स्ट्रीट, ५०० पौंड, ३० मिनिटं, असे शब्द होते. दुसऱ्यात ओमा शहर, १५ मिनिटं, आणि ओळख पटवणारा सांकेतिक शब्द. तिसरा फोन कोलरेनमधल्या, मनानं खचलेल्यांना धीर देणाऱ्या हेल्पलाइनला: ओमाच्या मध्यभागी, ३० मिनिटं.

हे तीन निरोप हातात घेऊन पोलिसांच्या जागी उभं राहून पाहावं. ठिकाण म्हणून ओळखू येतो असा एकच शब्द त्यात आहे: कोर्ट. मेन स्ट्रीट नावाचा रस्ताच नाही. वेळ १५ मिनिटं की ३०, ठरत नाही. दोन आठवड्यांपूर्वी, १ ऑगस्टला, बॅनब्रिजमध्ये तेवढाच मोठा कार बॉम्ब फुटला होता आणि तिथून माणसं वेळेत हलवता आल्यामुळे कुणी मेलं नव्हतं. तेव्हा पोलिसांनी शहाण्या माणसानं करावं तेच केलं. कोर्टाभोवतीचा परिसर रिकामा केला, पट्ट्या बांधल्या आणि गर्दी उताराकडे, कोर्टापासून लांब, मार्केट स्ट्रीटच्या खालच्या टोकाला नेली.

हे अंतर चालून मोजावं. कोर्टाच्या पायऱ्यांपासून गाडीच्या जागेपर्यंत साधारण ४०० मीटर, सावकाश चाललं तरी पाच-सहा मिनिटं. चालताना मागे वळून पाहिलं की कोर्ट उंचावर, लांब आणि लहान दिसतं. खाली आलेल्या माणसांना सुरक्षित का वाटलं ते या जागीच कळतं. दुकानदार दाराशी उभे होते, बायका गप्पा मारत होत्या, कंटाळलेली मुलं केव्हा परत वर जायचं म्हणून विचारत होती. एका पर्यटकानं लेकराला खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला, मागे तीच लाल गाडी उभी आहे. कॅमेरा ढिगाऱ्यात सापडला. फोटोतले दोघं वाचले. फोटो काढणारी व्यक्ती वाचली नाही.

३ वाजून १० मिनिटांनी गाडी फुटली.

२९ माणसं आणि एका गरोदर बाईच्या पोटातली जुळी. ती बाई, तिची आई आणि तिची दीड वर्षाची मुलगी, एका घरातल्या तीन पिढ्या एकाच वेळी. कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते. डोनेगलमधल्या बंक्रानाहून आलेली तीन मुलं होती, त्यांच्याबरोबर इंग्रजी शिकायला आलेला १२ वर्षांचा एक स्पॅनिश मुलगा आणि त्याच गटाची २३ वर्षांची सांभाळकर्ती होती. दोनशेहून अधिक जखमी. रस्त्याखालची पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आणि उतारावरून पाणी वाहू लागलं. रुग्णवाहिका पुरेनात, म्हणून प्रवासी बसमधून जखमींना गावच्या टायरोन काउंटी रुग्णालयात नेलं. ते मोठं नव्हतं. आता त्याच्याऐवजी २०१७ साली उघडलेलं नवं रुग्णालय काम करतं. नातेवाइकांना गावच्या क्रीडाकेंद्रात थांबायला सांगितलं होतं. तिथं याद्या वाचल्या जात, आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नसे त्यांची माणसं रात्रभर बसून होती.

‘रिअल आयआरए’ या, शांतता करार न मानणाऱ्या आयरिश सशस्त्र गटानं जबाबदारी घेतली आणि इशारे नीट दिले होते असा दावाही केला. मार्केट स्ट्रीटवर उभं राहून हा दावा ऐकवत नाही. आपण बॉम्ब ठेवलेल्या रस्त्याचं नाव ज्याला माहीत नाही, त्याचा इशारा हा हल्ल्याचाच भाग असतो. फौजदारी न्यायालयात खुनासाठी आजवर कुणीही दोषी ठरलेलं नाही. २००९ मध्ये दिवाणी न्यायालयानं चार जणांना जबाबदार धरलं. तो खटला मृतांच्या कुटुंबांनी चालवला होता. सरकारनं स्वतंत्र चौकशी जाहीर केली ती २०२३ मध्ये. अध्यक्ष स्कॉटलंडचे न्यायाधीश लॉर्ड टर्नबुल. २०२५ च्या सुरुवातीला गावातल्याच स्ट्रूल कलाकेंद्रात प्रत्येक मृताबद्दल त्याच्या घरच्यांनी सांगितलं. २६ वर्षांनी.

आता स्मारकाकडे जावं. त्याचे दोन भाग आहेत आणि एकच पाहून परतणारे बरेच. स्फोटाच्या जागी साडेचार मीटर उंचीचा काचेचा स्तंभ, आत हृदयाच्या आकाराचा स्फटिक. दुसरा भाग सुमारे ३०० मीटरवर, ड्रमरा ॲव्हेन्यूवरच्या बागेत. तिथला एक मोठा आरसा यंत्रानं सूर्यामागे फिरत राहतो आणि उजेड खांबांवरच्या ३१ लहान आरशांवर टाकतो; प्रत्येक आरशावर एक नाव. ते ३१ आरसे उजेड बाजारातल्या एका इमारतीवरच्या आरशाकडे पाठवतात आणि तिथून तो काचेतल्या हृदयावर पडतो. कलाकार शॉन हिलेन, बागेची रचना डेस्मंड फिट्झजेराल्ड यांची, उद्घाटन २००८ साली दहाव्या स्मृतिदिनी. दगडावर काय कोरायचं यावरून कुटुंबं आणि नगर परिषद यांच्यात मोठा वाद झाला होता, तो मध्यस्थ बोलावून सोडवावा लागला. खून करणाऱ्यांना काय म्हणायचं, हा प्रश्न मजकुरापुरता नव्हता.

एक अडचण लक्षात ठेवावी: सगळी रचना सूर्यावर चालते आणि ओमाला सूर्याची खात्री नसते. ढगाळ दिवशी स्तंभ नुसताच काच. म्हणून मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा. सप्टेंबरच्या त्या दिवशी सकाळभर काहीच झालं नाही. दुपारी ढग थोडे फाटले आणि हृदय दहा-बारा मिनिटं पेटल्यासारखं राहिलं, मग विझलं. समोरच्या दुकानातली मुलगी बाहेर आली, ‘आज दिसलं’ एवढंच म्हणाली आणि परत गल्ल्यावर गेली. ती स्फोटानंतर जन्मलेली असणार.

आरशांना हात लावू नये, बोटांचे ठसे उजेड अडवतात. स्मृतिदिनाची प्रार्थना १५ ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी होते. त्या आठवड्यात खोल्या आधी ठरवाव्या लागतात.

संध्याकाळी नदीवर जावं. कॅमोवेन आणि ड्रमरा या दोन नद्या गावातच मिळतात आणि पुढे स्ट्रूल होतात. बेकरीतून ‘फिफ्टीन्स’ घ्यावेत: १५ बिस्किटं, १५ मार्शमॅलो, १५ साखरेतल्या चेरी, घट्ट गोड दूध, वरून खोबऱ्याचा कीस, न भाजता वळून कापलेली वडी. खोबऱ्यामुळे ओळखीची वाटते, पण मार्शमॅलोत जिलेटिन असतं, कडक शाकाहारींनी टाळावी.

दिवस चौथा: लोकजीवन संग्रहालय, मग क्लॉडी

ओमाच्या उत्तरेला पाच किलोमीटरवर अल्स्टर-अमेरिकन लोकजीवन संग्रहालय आहे. गवताची छपरं, पीटच्या शेकोटीचा धूर, जुन्या पद्धतीच्या कपड्यांतल्या बायका तव्यावर सोडा ब्रेड भाजत असतात आणि गरम तुकडा हातावर ठेवतात. तीन तास लागतात, सोमवारी सहसा बंद. बंक्राना आणि माद्रिदची मुलं त्या शनिवारी सहलीला इथंच आली होती, आणि परतीच्या वाटेवर थोडा बाजार पाहू म्हणून ओमात उतरली होती.

तिथून बसनं स्ट्रॅबेनमार्गे डेरी शहर दीड तासाच्या आत. डेरीचा जुना कोट आणि पीस ब्रिज यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. दुपारची बस धरून क्लॉडीला जावं, अंतर साधारण १५ किलोमीटर. नवा महामार्ग गावाबाहेरून जातो, त्यामुळे प्रत्येक बस आत येत नाही. चढताना विचारून घ्यावं आणि परतीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवावी.

३१ जुलै १९७२, सोमवार, शाळांच्या सुट्ट्या. सकाळी सव्वादहानंतर पहिली गाडी एका दारूच्या गुत्त्यासमोर फुटली. एका पोलिसाला पोस्टासमोर दुसरी संशयित गाडी दिसली, त्यानं माणसं तिथून हटवून चर्च स्ट्रीटकडे वळवली. तिसरी गाडी तिथल्या ब्यूफोर्ट हॉटेलसमोर उभी होती. ओमाच्या २६ वर्षं आधी हेच घडलं होतं, बॉम्बपासून बॉम्बकडे. इशारा द्यायला निघालेल्यांना वाटेतला सार्वजनिक फोन बंद मिळाला. पुढे डंगिव्हनमध्येही फोन चालेनात, कारण तिथलं टेलिफोन एक्स्चेंज आधीच्या एका बॉम्बनं निकामी झालं होतं. शेवटी त्यांनी दुकानातल्या नोकरांना ‘पोलिसांना सांगा’ म्हटलं. तोवर क्लॉडीत स्फोट होऊन गेले होते.

पोस्टापासून हॉटेलच्या जागेपर्यंत चालायला दोन-तीन मिनिटं पुरतात. गावात गुडघ्यांवर बसलेल्या मुलीचा कांस्यपुतळा आहे, चेहरा दोन्ही हातांत झाकलेला. नऊ जण गेले. त्यांत सर्वांत लहान होती ती ८ वर्षांची. पहिला स्फोट झाला तेव्हा ती घरच्या दुकानाच्या काचा पुसत होती.